अतिशीत अणु आणि समुदायाचें गणित

एका विद्यार्थ्याचा स्वभाव ओळखणें शिक्षकास फारसें कठीण नसतें. परंतु चाळीस विद्यार्थी एका वर्गांत बसले म्हणजे त्या वर्गास स्वतःचा असा एक निराळाच स्वभाव येतो, आणि तो कोणत्याहि एका मुलाच्या ठिकाणीं शोधून सांपडत नाहीं. पदार्थविज्ञानांतहि हीच अडचण आहे. एकट्या अणूचे नियम शास्त्रज्ञांस विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत बहुतेक कळून चुकले. हायड्रोजनचा एक अणु घेतला तर तो कोणत्या रंगाचा प्रकाश देईल, हें कागदावर गणित करून अत्यंत सूक्ष्मपणें सांगतां येतें. पण असंख्य अणु एकत्र आले म्हणजे लोखंड चुंबक कां बनतें, किंवा पारा अतिशय थंड केला असतां विजेला त्याचा अडथळा मुळींच कां उरत नाहीं, या प्रश्नांचीं उत्तरें एकट्या अणूकडे पाहून मिळत नाहींत. ही अडचण ओलांडण्यासाठीं अलीकडे जी एक विलक्षण युक्ति निघाली आहे, तिची ओळख वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम अडचण किती मोठी आहे तें पाहूं. असा एक कण कल्पावा, कीं ज्याच्या दोनच अवस्था आहेत. दिवा लागलेला किंवा विझलेला, त्याप्रमाणें. असे दोन दिवे असले तर चार प्रकार होतात. तीन असले तर आठ. दहा असले तर १,०२४. आणि वीस असले तर १०,४८,५७६. आपल्या घरांतील दिव्यांची माळ एका वेळीं यांपैकीं एकाच प्रकारांत असते, म्हणून तिचा हिशेब सोपा. क्वांटम शास्त्राचे नियम पाळणाऱ्या कणांचें तसें नाहीं. ते एकाच वेळीं या सर्व प्रकारांचे अंश अंगीं बाळगून असूं शकतात. आणि पुढें काय घडेल हें सांगावयाचें तर प्रत्येक प्रकाराचा अंश किती, हें वहींत मांडून ठेवावें लागतें. कण पन्नास झाले कीं वहींतील ओळी अकरा कोटि कोटींवर जातात. तीनशें कण घेतले तर ओळींची संख्या ९१ आंकडी होते. दृश्य विश्वांतील एकंदर अणूंची संख्या, ज्योतिर्विदांच्या अजमासाप्रमाणें, ८१ आंकड्यांच्या आसपास आहे. म्हणजे विश्वांतील प्रत्येक अणूचें एकेक पान केलें, तरी एवढा हिशेब त्या वहींत मावणार नाहीं. आणि चिमूटभर मिठांतील अणु कांहीं तीनशेंच नसतात!

कांहीं विशेष प्रसंगीं गणिती युक्त्यांनीं हा पसारा आटोपतां येतो. पण सर्वत्र नव्हे. मोठ्यांत मोठें गणकयंत्रहि येथें हात टेकतें. सन १९८१ मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनीं एका व्याख्यानांत या कोंडींतून निघण्याचा मार्ग सुचविला. निसर्ग स्वतःच क्वांटम नियमांनीं चालतो, तर त्याची नक्कल करणारें यंत्रहि त्याच नियमांनीं चालणारें असावें, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे हिशेब वहींत मांडावयाचाच नाहीं. ज्या समुदायाचा प्रश्न पडला आहे त्याच्याच नियमांनीं वागणारा दुसरा समुदाय आपल्या हातानें उभा करावयाचा, आणि तो काय करतो तें पाहावयाचें. असा आज्ञाधारक समुदाय आणावयाचा कोठून? त्याचें उत्तर थंडींत सांपडलें.

उष्णता म्हणजे अणूंची धांवपळ, हें विद्यार्थी शिकलेच आहेत. आपल्या खोलींतील उष्णतेवर रुबिडियम धातूच्या वाफेंतील अणु सेकंदास सुमारें तीनशें मीटर वेगानें धांवत असतो. अशा अणूस धरून ठेवून त्याचें निरीक्षण करणें म्हणजे बंदुकीच्या गोळीवर अक्षरें कोरण्यासारखें आहे. शिवाय दुसरी एक गोष्ट आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई द ब्रॉग्ली यांनीं शंभर वर्षांपूर्वीं असें प्रतिपादन केलें, कीं प्रत्येक कणास लाटेचें रूपहि असतें, आणि कण जितका मंद तितकी त्याची लाट लांब. वेगवान अणूची लाट त्याच्या शेजाऱ्यापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून तो एकटा गोळा असल्याप्रमाणें वागतो. तोच अणु पुरेसा मंद केला तर त्याची लाट हजारों पटींनीं लांबते, शेजाऱ्याच्या लाटेंत मिसळते, आणि तेथून पुढें "हा अणु कोणता आणि तो कोणता" हा प्रश्नच निरर्थक होतो. समुदायाचा खरा क्वांटम स्वभाव येथून प्रकट होऊं लागतो.

या मिसळण्याचें गणित प्रथम एका हिंदी अध्यापकानें केलें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. डाक्का विश्वविद्यालयांत सत्येंद्रनाथ बोस हे त्या वेळीं तीस वर्षांचे शिक्षक होते. प्रकाशाच्या कणांची मोजदाद करण्याची नवी रीत त्यांना सुचली. ती लाडवांच्या उदाहरणानें सांगतां येईल. दोन डबे आहेत व दोन लाडू आहेत. लाडू निरनिराळे ओळखूं येत असतील तर ते ठेवण्याचे चार प्रकार होतात. दोहोंत दोन्ही लाडू एकत्र असतात, दोहोंत वेगवेगळे. परंतु लाडू इतके एकसारखे असतील कीं कोणता कोणता हें सृष्टीलाहि सांगतां येऊं नये, तर प्रकार तीनच उरतात, आणि त्या तिहींपैकीं दोहोंत लाडू एकत्र असतात! नुसत्या मोजण्याच्या रीतीनें एकत्र राहण्याकडे कल वाढला. ४ जून १९२४ रोजीं बोस यांनीं आपला निबंध पत्रासह आइन्स्टाइन यांजकडे धाडला. आइन्स्टाइन यांनीं तो स्वतः जर्मन भाषेंत उतरवून छापविला, आणि तीच रीत अणूंच्या वायूस लावून पुढील कांहीं महिन्यांत असें भाकित केलें, कीं वायु पुरेसा थंड केला असतां त्याचे पुष्कळसे अणु एकाएकीं एकाच नीचतम अवस्थेंत गोळा होतील. बोस यांची रीत पाळणाऱ्या कणांस आज सर्व जग "बोसॉन" म्हणतें.

भाकित खरें, पण त्याचा पडताळा पाहण्यास लागणारी थंडी त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती. ती मिळाली प्रकाशापासून. ज्या प्रकाशानें आपण ऊब घेतों, त्याच प्रकाशानें अणु गारठविले, ही या कथेंतील सर्वांत गमतीची गोष्ट होय. प्रकाशाचा एकेक कण अणूवर आदळला म्हणजे त्यास अगदीं हलका धक्का बसतो. रुबिडियमच्या अणूचा वेग अशा एका धक्क्यानें सेकंदास सुमारें सहा मिलिमीटर एवढाच बदलतो. पण धक्के सारखे समोरूनच बसले तर सुमारें पन्नास हजार धक्क्यांत तो जवळजवळ थांबतो. आणि लेसरच्या झोतांत एवढे धक्के बसण्यास सेकंदाचे कांहीं हजारांश भागच पुरतात. आतां धक्के समोरूनच बसावेत, पाठीमागून नव्हेत, यासाठीं काय करावें? आगगाडी आपल्याकडे येत असतां तिच्या शिटीचा सूर चढा लागतो, दूर जातांना उतरतो. प्रकाशाचेंहि तसेंच. लेसरचा रंग अणूच्या आवडत्या रंगाहून किंचित् तांबड्याकडे ठेवला, तर झोताच्या सामोरा धांवणाऱ्या अणूस तो रंग चढून बरोबर भासतो व तो धक्का घेतो. उलट दिशेनें जाणाऱ्यास तो रंग अधिकच तांबडा भासतो व तो त्यास शिवत नाहीं. असे सहा झोत सहा दिशांनीं सोडले म्हणजे अणूनें कोणीकडेहि पाऊल टाकलें तरी त्यास विरोध होतो. सन १९८५ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टीव्हन चू व त्यांचे सहकारी यांनीं सोडियमचे अणु असे अडविले आणि या प्रकारास "प्रकाशाची काकवी" असें नांव दिलें. काकवींत पडलेल्या मुंगीची अवस्था ज्यानें पाहिली आहे त्यास याहून अधिक स्पष्टीकरण नको.

पुढें १९८८ सालीं विल्यम फिलिप्स यांच्या प्रयोगशाळेंत या काकवींतील सोडियमची उष्णता नीट मोजली, तेव्हां ती सिद्धांतानें ठरविलेल्या मर्यादेच्या पुष्कळ खालीं आली. मर्यादा एका अंशाच्या २४० दशलक्षांश भागांची होती. प्रत्यक्षांत सुमारें ४० भरले. प्रयोगशाळेंत अपेक्षेहून वाईट फळ नेहमींच मिळतें; अपेक्षेहून चांगलें मिळालें तर शहाण्या माणसास संशय येतो. या मंडळींनीं निरनिराळ्या रीतींनीं पुन्हां पुन्हां मोजलें, आणि चूक मोजणींत नसून सिद्धांतांत आहे, अशी त्यांची खात्री झाली. त्याचें कारण पॅरिसचे क्लोद कोहेन-तानूजी व चू यांच्या मंडळींनीं उलगडून दाखविलें. या तिघांस १९९७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आइन्स्टाइन यांच्या भाकितास एवढीहि थंडी पुरेशी नव्हती. शेवटची पायरी मात्र प्रत्येक घरांत रोज चढली जाते. कढत चहा बशींत ओतला म्हणजे त्यांतील सर्वांत चपळ कण वाफ होऊन निघून जातात आणि मागें उरलेला चहा निवतो. अणूंस निर्वात पात्रांत चुंबकीय शक्तीच्या अदृश्य वाटींत तोलून धरावयाचें, आणि त्यांतील चपळ अणु थोडे थोडे बाहेर जाऊं द्यावयाचे, अशी ही युक्ति. ५ जून १९९५ रोजीं, म्हणजे बोस यांच्या पत्रानंतर एकाहत्तर वर्षें आणि एक दिवस उलटल्यावर, अमेरिकेंत बोल्डर येथें एरिक कॉर्नेल व कार्ल वाइमन यांनीं सुमारें दोन हजार रुबिडियम-अणु एकाच अवस्थेंत गोळा झालेले पाहिले. एका अंशाचे एक अब्ज भाग केले तर त्यांतील १७० भाग एवढीच ऊब त्या वायूंत उरली होती, आणि त्यांतील अणूंचा वेग सेकंदास कांहीं मिलिमीटर, मुंगीच्या चालीहूनहि मंद, झाला होता. आणि तें कांचेचें पात्र? तें खोलीइतकेंच उबदार होतें. त्यावर हात ठेवला असता तरी गार लागलें नसतें. अणूंचा पुंजका पात्रास कोठेंच शिवत नव्हता. त्याच वर्षीं वोल्फगांग केटर्ले यांनीं मॅसॅच्युसेट्स येथें सोडियमवर हेंच करून दाखविलें. दोन वर्षांनीं त्यांनीं असे दोन पुंजके एकमेकांत मिसळूं दिले, तेव्हां पाण्यावरील दोन लाटा मिळाव्या तसे काळेपांढरे पट्टे उमटले. अणु लाटेप्रमाणें वागतात याचा हा डोळ्यांनीं पाहावयाचा पुरावा. या तिघांचा गौरव नोबेल पारितोषिकानें २००१ सालीं झाला.

वर्तमानपत्रांतून "विश्वांतील सर्वांत थंड जागा" असे मथळे अधूनमधून झळकतात. ते खोटे नाहींत. ताऱ्यांमधील पोकळीहि निरपेक्ष शून्याहून सुमारें २.७ अंश उबदार आहे. पण आमच्या मतें हा उच्चांक म्हणजे दाराची केवळ कडी होय. खरें घर दाराच्या आंत आहे. रुबिडियमचा असा पुंजका आपल्याकडे पुण्याच्या आयसर संस्थेंतहि करण्यांत आला आहे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि अतिशीत अणूंवर प्रयोग झाले आहेत. तेव्हां हें घर फार लांब आहे असें विद्यार्थ्यांनीं समजूं नये.

आंत काय आहे, हें म्यूनिकच्या एका प्रयोगानें चांगलें समजेल. तो सन २००२ मध्यें मार्कुस ग्रायनर, इमानुएल ब्लॉख, थेओडोर हेन्श व त्यांचे सहकारी यांनीं केला. लेसरचे दोन झोत समोरासमोर सोडले असतां त्यांच्या मिलाफानें प्रकाशाचे स्थिर चढउतार बनतात. तिन्ही दिशांनीं असे झोत सोडले तर अणूंसाठीं एक आप्पेपात्र तयार होतें. फरक इतकाच, कीं त्याचे खळगे एकावर एक थरांनींहि असतात, आणि दोन खळग्यांमधील अंतर मिलिमीटरच्या दोन हजारांश भागाहूनहि कमी असतें. लेसर मंद ठेवला तर खळगे उथळ राहतात. मग प्रत्येक अणु आपल्या लाटेनें सर्व खळग्यांवर पसरतो. कोणता अणु कोठें आहे हें ठरलेलें नसतें, पण सर्वांच्या लाटा एका तालांत असतात. लेसर प्रखर केला कीं खळगे खोल होतात. अणु एकमेकांस दूर ढकलत असल्यानें एका खळग्यांत गर्दी करणें त्यांस महाग पडतें, आणि एका ठराविक मर्यादेपलीकडे सारा समुदाय एकदम पालटून प्रत्येक अणु आपापल्या खळग्यांत मुकाट्यानें बसतो. घन पदार्थांत इलेक्ट्रॉन असेच अडून बसले म्हणजे तो पदार्थ वीज वाहून नेत नाहीं. अशा पदार्थास इंग्रज शास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांच्या नांवावरून "मॉट-निरोधक" म्हणतात. धातूच्या पोटांत दडलेली ही घडामोड म्यूनिकच्या मंडळींनीं केवळ लेसरची प्रखरता कमीजास्त करून समोर घडविली.

एक शंका येथें कोणा चिकित्सक विद्यार्थ्यास येईल, आणि ती त्या संशोधकांसहि आली होती. अणूंस एकाएकीं सोडून त्यांचें छायाचित्र घेतलें असतां एका तालांतील लाटांमुळें सुरेख ठिपके दिसतात. खळगे खोल केल्यावर ते नाहींसे होऊन नुसता धूसर डाग उरतो. पण हा डाग लेसरच्या हिसक्यांनीं अणु गरम होऊन बिघडल्यामुळें पडला नसेल कशावरून? म्हणून त्यांनीं लेसर पुन्हां मंद केला. अवघ्या कांहीं हजारांश सेकंदांत ठिपके जसेच्या तसे परतले. मग त्यांनीं मुद्दाम ताल बिघडविलेला दुसरा समुदाय घेऊन तेंच केलें, आणि त्यांत ठिपके परतले नाहींत. प्रयोगाची किंमत या दुसऱ्या प्रयोगांत आहे. आपल्या प्रयोगवह्यांत "म्हणून सिद्ध झालें" असें लिहिण्यापूर्वीं दुसरें कारण संभवतें कीं काय, हें किती जण विचारतात?

सन २००९ मध्यें ग्रायनर यांच्याच हार्वर्ड येथील प्रयोगशाळेंत असा सूक्ष्मदर्शक तयार झाला, कीं त्यांतून खळग्या-खळग्यांतील एकेक अणु ठिपक्यासारखा वेगळा दिसूं लागला. समुदाय आणि व्यक्ति दोन्ही एकाच चित्रांत पाहण्याची सोय झाली.

आतांपर्यंत बोसॉनांची गोष्ट झाली. इलेक्ट्रॉन मात्र दुसऱ्या जातीचे. त्यांस "फर्मिऑन" म्हणतात, आणि एका अवस्थेंत दोघांनीं कधींच राहावयाचें नाहीं असा त्यांचा दंडक आहे. ज्यांस विजेच्या तारांचे व चुंबकांचे प्रश्न सोडवावयाचे त्यांस फर्मिऑन-अणु हवे होते. पण हे अणु अतिशीत झाल्यावर एकमेकांशीं टक्करच टाळतात, आणि टक्कर नाहीं तर चहा निवण्याची युक्ति चालत नाहीं. बोल्डरच्या डेबोरा जिन व त्यांचे विद्यार्थी ब्रायन डिमार्को यांनीं पोटॅशियमचे अणु दोन निराळ्या चुंबकीय अवस्थांत एकत्र ठेवून ही अडचण १९९९ सालीं सोडविली. भिन्न अवस्थांतले अणु एकमेकांस टकरतात, म्हणून दोन्ही जोडीनें निवतात. बाई त्या वेळीं तीस वर्षांच्या होत्या. २०१६ सालीं त्यांचें अकालीं निधन झालें. आमच्या शाळेंतील ज्या मुलींस "विज्ञान हें मुलांचें" असें घरीं ऐकावें लागतें, त्यांच्या पालकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें.

या फर्मिऑनांकडून मोठी अपेक्षा आहे. पाऱ्याची विजेला अडथळा न करण्याची शक्ति कामरलिंग ओन्नेस यांनीं १९११ सालीं हॉलंडांत शोधली, आणि तिचें कारण १९५७ सालीं उमगलें. परंतु १९८६ नंतर तांब्याच्या कांहीं संयुगांत हीच शक्ति पुष्कळ अधिक उष्णतेवर आढळली, आणि तिचें सर्वमान्य कारण अद्याप मिळालेलें नाहीं. तें मिळालें तर रोजच्या हवेंतहि वीज न गमावणारी तार शोधण्यास दिशा मिळेल. तांब्याच्या त्या संयुगांचें अगदीं साधें केलेलें रूप म्हणजे खळग्यांच्या चौकटीवर उड्या मारणारे, एका खळग्यांत आले कीं परस्परांस ढकलणारे फर्मिऑन. हें रूप जॉन हबर्ड या शास्त्रज्ञानें १९६३ सालीं मांडलें. तें चार ओळींत लिहितां येतें, पण सोडवितां येत नाहीं. हार्वर्ड येथें २०१७ सालीं लिथियमच्या अतिशीत अणूंनीं सुमारें ८० खळग्यांवर हीच चौकट भरली, तेव्हां अणूंच्या चुंबकीय दिशा बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणें आलटून-पालटून लागलेल्या दिसल्या. तांब्याच्या संयुगांत जी पहिली पायरी दिसते तीच ही. पुढील पायऱ्यांस याहूनहि अधिक थंडी लागते.

आतां शेवटचा प्रश्न, आणि आम्हांस तो सर्वांत गूढ वाटतो. चहांत दुधाचा थेंब पडला कीं थोड्याच वेळांत तो कोठें पडला होता याची खूण उरत नाहीं. समुदाय आपला भूतकाळ विसरतो. हें विसरणें अटळ आहे काय? अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विश्वविद्यालयांत किनोशिता, वेंगर व वाइस या तिघांनीं २००६ सालीं रुबिडियमचे अणु प्रकाशाच्या अतिशय अरुंद नळ्यांत ठेवले, म्हणजे एकमेकांस ओलांडून जाण्यास त्यांस वाटच नव्हती. मग अर्धे अणु एका दिशेस व अर्धे दुसऱ्या दिशेस ढकलून दिले. प्रयोगशाळेंतील टांगलेल्या गोळ्यांप्रमाणें ते पुन्हां पुन्हां आदळले. मोकळ्या जागेंत अशा दोन-चार टकरी सर्व आठवण पुसून टाकण्यास पुरतात. येथें प्रत्येक अणूच्या हजारों टकरी झाल्या, तरी दोन दिशांचे दोन जमाव ओळखूं येतच होते. सारख्या वजनाचे दोन गोळे एका रेषेंत आदळले तर केवळ आपापले वेग बदलून घेतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं यंत्रशास्त्रांत शिकलेलेंच आहे. वेगांची यादी तीच राहते, मग विसरावयाचें काय? अणूंचें खरें गणित याहून बिकट आहे. परंतु त्याचें मर्म हेंच.

हा अरुंद नळीचा विशेष प्रकार म्हणून सोडून देतां आला असता. परंतु २०१७ सालीं हार्वर्ड येथें ५१ रुबिडियम-अणु प्रकाशाच्या वेगवेगळ्या चिमट्यांत एका ओळींत धरून, एकाआड एक अणु उत्तेजित अशी मांडणी करण्यांत आली व ती मोकळी सोडली. ती लौकरच विस्कटेल अशी अपेक्षा होती. ती उलट होऊन पुन्हां मूळ रूपावर आली, पुन्हां उलट झाली, असें अनेक वेळां चाललें. तोच समुदाय दुसऱ्या मांडणीनें सोडला तर मात्र झटपट विसरे. पुढील वर्षीं सिद्धांत मांडणाऱ्या शास्त्रज्ञांनीं या हट्टी स्मृतीस "क्वांटम वण" असें नांव दिलें; जखम भरून आली तरी वण राहतो, त्यावरून.

अशा प्रयोगांवर विश्वास कसा ठेवावयाचा, हें कोणी विचारील. रीत अशी, कीं प्रथम थोडे अणु घेऊन वहींतलें गणित व प्रयोग हीं ताडून पाहावयाचीं. तीं जुळलीं म्हणजे अणूंची संख्या वाढवीत जावयाचें. सन २०२१ मध्यें हार्वर्ड येथें चिमट्यांत धरलेल्या २५६ अणूंची चौरस मांडणी झाली. आरंभीं सांगितलेल्या वहीच्या हिशेबानें तिच्या ओळींची संख्या ७८ आंकडी भरते.